रोमन शिपायाची उजवी चप्पल

म्युझियममध्ये नोकरी केली की किस्से साठतात. मी मुद्दाम साठवले नाहीत. चामड्याचे जुने तुकडे टाकायचे राहून जातात, तसे राहिले. लोक अजून विचारतात. थोडेच सांगतो.

मी कोल्हापूरचा, चपला शिवणारा. साठ सालाच्या आधी एका प्रदर्शनासाठी मला हॅनोव्हरला नेलं होतं. तिथून स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या छोट्या म्युझियमनं मला ठेवून घेतलं. त्या गावाखाली रोमन सैन्याची छावणी सापडली होती. जमिनीतून निघालेल्या चपलांसारख्या नव्या चपला करायला त्यांना माणूस हवा होता. खोदकाम फ्राऊ डॉक्टर लेंट्स बघायच्या. माझं जर्मन कच्चं, म्हणून पुण्याचा जोशी मदतीला यायचा. तो तिथं पीएच.डी. करत होता.

*

लोक यायचे तलवारी बघायला. काचेच्या कपाटात दळायची जाती, कुदळी, तंबूच्या खुंट्या. एक गृहस्थ चिडले, "हे सैन्य होतं की शेतकरी?"

फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, "सैन्यच. पंचवीस वर्षांची नोकरी. रोज कोण लढणार?"

*

एकदा सिनेमावाले आले. चपला आवडल्या, पण तळाचे खिळे नकोत म्हणाले. स्टुडिओच्या फरशीवर हीरो घसरतो.

मी म्हणालो, "मग फरशी बदला."

त्यांना मनगटावर बांधायचे चामड्याचे पट्टेही हवे होते. फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, "आम्हाला असा एकही सापडलेला नाही."

"पण प्रत्येक सिनेमात असतात!"

"जा, तिथंच सापडतात."

*

थंडीत रोमन शिपाई चपलांमध्ये लोकरीचे मोजे घालत. फ्राऊ डॉक्टरांनी पुतळ्याला तसे मोजे घातले. म्युझियमचे डायरेक्टर म्हणाले, "सँडलमध्ये मोजे? लोक हसतील. काढा."

जूनचा महिना होता. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. सँडल, करडे मोजे. त्यांनीही खाली बघितलं आणि टेबलामागे जाऊन उभे राहिले.

पुतळ्याचे मोजे मात्र निघाले.

*

मग जुन्या विहिरीत उजव्या पायाच्या चपलेचा एक तळ सापडला. डायरेक्टरांनी लगेच कार्ड लिहिलं: 'हल्ला करणारा योद्धा'.

मी तळ उलटा करून बघितला. टाचेचे आणि पुढचे खिळे शाबूत होते. मधले घासून सपाट झाले होते. चालून चप्पल तिथं झिजत नाही. मी म्हणालो, "हा माणूस खणत होता. फावड्यावर पाय देऊन."

फ्राऊ डॉक्टरांनी स्वतःचा बूट काढून टेबलावर उलटा ठेवला. तिथंच झिजलेला.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. अगदी बरोबर.

मी तशीच चप्पल केली, ती घालून दोन महिने मागची बाग खणली आणि मधले खिळे झिजवले. डायरेक्टर म्हणाले, "प्रदर्शनाच्या उद्घाटनाला नवी, चकचकीत ठेवा. तुमचा करार मार्चमध्ये संपतो, लक्षात आहे ना?"

जोशी म्हणाला, "काका, खिळेच बदलायचेत. तासाभराचं काम. हट्ट कशाला?"

"तासाभराचंच आहे. तेवढ्यात त्या शिपायाचं सगळं खणणं पुसलं जाईल, म्हणूनच करणार नाही."

*

उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब आले. उंच, थकलेला माणूस. सोबत डायरेक्टर होते. त्यांना वाटलं होतं, मी रात्रीतून खिळे बदलले असतील. कपाटात झिजलेली चप्पल तळ वर करून ठेवलेली होती. डायरेक्टरांचा चेहरा उतरला.

साहेब वाकले. कार्ड वाचलं नाही. बराच वेळ मधल्या खिळ्यांकडे बघत राहिले. मग सरळ झाले, उजवा पाय थोडा उचलला आणि फरशीवर दाबला. फावड्यावर दाबतात तसा. पुन्हा एकदा.

"रशियात," ते म्हणाले. "युद्धात. तीन हिवाळे."

पाहुणे पुढच्या खोलीत गेले. डायरेक्टरांनी खिशातली किल्ली काढली, कपाट उघडलं, स्वतःचं कार्ड उचलून खिशात टाकलं.

"डावी कुठं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"विहिरीत एकच सापडली."

"डावीही करा," ते म्हणाले. "मार्चनंतर केली तरी चालेल."