मडक्यातली लाखोरीची भाजी

माह्या छातीत बेडूक शिरला, असं मी आमच्या कामठा गावभर सांगत फिरलो. उडी मारे, थांबे, मंग एकदम तीन उड्या. गॅस होय म्हणून सोडा पेलो. सात बाटल्या पेलो. बेडूक त्यात पोहाले लागला.

शेवटी सुनेनं स्कूटीवर बसवून गोंदियाले नेलं. डॉक्टरनं छातीले वायर लावून कागद काढला. "दादाजी, दिल बेताल हो गया है." मंग मराठीत समजावलं. हृदयाचा वरचा भाग धड ठोका देत नाई, नुसता थरथरते. तिथं रक्त साचते, गाठ बनते, अन् गाठ डोक्यात गेली का लकवा. म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज, एकाच वेळेले, अन् रक्ताची तपासणी. "पालेभाजी कमी-जास्त करू नका, गोळीचं काम बिघडते," असंही सांगलं. ते कानात गेलं, डोक्यात नाई. तिथंबी सोडाच भरला होता.

तपासणीत कधी रक्त घट्ट, कधी पाण्यावानी. दात घासलो तं हिरड्यातून रक्त. डॉक्टर हैराण. "गोली भूलते हो क्या?"

"देवाशप्पथ नाई, सायेब."

सून बाजूलेच होती. "मामाजी, मंग माळ्यावरच्या मडक्यात काय शोधून राहता?"

पकडलो गेलो.

माही बायको होळीच्या आधी गेली. त्याच हिवाळ्यात तिनं धानाच्या बांधीतून लाखोरीचा, म्हणजे लाखेच्या डाळीचा, कवळा पाला खुडून, खाटेवर वाळवून मडकं भरून ठेवलं होतं. तिची आठवण आली का मी मूठभर काढून शिजवो. एखाद्या हप्त्यात चारदा येई, एखाद्यात मी लय शहाणा राहो. वाळलेली भाजी काळी पडते, म्हणून ते पालेभाजीत मोजतच नव्हतो. एवढी अक्कल घेऊन मी साठ वर्स जगलो!

अन् ते भाजी काही लय चांगली नव्हती बापा. रेतीनं कचकच लागे. बायको जिती होती तवा मी रोज टोमणा मारो, "भाजी खाऊन राहिलो का बांधी?" ते म्हणे, "बांधी तुमचीच होय, मुकाट्यानं गिळा." आता दातात खडा आला का मी चावणं थांबवतो. वाटते, आता बोलंल काहीतरी.

डॉक्टरले हे सारं सांगलो. वाटलं, मडकं फेकाले लावते. त्यानं पेन उचलला. "बंद नहीं करना. दर बुधवारी एक मूठ, तेवढीच. गोळी मी त्यावर बसवतो. पण संपली का मले सांगा. तसेच बसले तं रक्त जास्त पातळ होईल."

तवापासून बुधवार धरलो. रक्त जागेवर आलं, बेडूकबी जरा नरमला. पण मूठ मात्र दर बुधवारी लहान होत गेली. मीच करो, मडकं पुरावं म्हणून. डॉक्टरले ते सांगलो नाई. सुनेनं पाहिलं अन् रागावली, "मामाजी, रक्त पातळ होऊन डोक्यात फुटलं, लकवा झाला तं भाजी कोणत्या हातानं खासाल?"

मागच्या बुधवारी मडकं उलटं केलो. चुरा पडला, अन् खाली रेती. चुरा शिजवून खाल्लो. रेती पाहून हसू आलं, मंग नाई आलं.

फोन करायचा होता. दोन दिवस टाळलो. सांगलो तं खरंच संपली असं होईल ना. शेवटी सुनेनंच नंबर लावून फोन कानाले लावला.

"बोलो दादाजी."

"संपली, सायेब."

त्यानं गोळी बदलून देली, आठ दिवसांनी तपासाले या म्हणाला.

फोन ठेवला तं सून म्हणते, "यंदाबी धानात लाखोरी टाकली आहे. थंडीत मी वाळवीन, तीन पाण्यानं चांगली धुवून."

"वाळवजो," मी म्हणलो. "पण दोनच पाण्यानं धुजो."