ओळंब्याचं रीडिंग

कागदाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं गवंडीकाम करणाऱ्या माणसाला 'ओळंबा' हे नाव पडलं, यात नवल ते काय! दोरी आणि पितळी वजन कायम खिशात. शेजाऱ्यांनी नवीन कपाट आणलं तरी हा आधी दोरी सोडून बघणार आणि मग म्हणणार, "उजवीकडे सूतभर झुकलंय." बरं, कुणी विचारलं होतं का? नाही. पण सांगितल्याशिवाय याला राहवतं का? तेही नाही. वय सत्तेचाळीस, शिक्षण सातवी, मिशी अर्धी पांढरी. सिमेंटने तळहातांची साल जाऊन नवी आली, तीही गेली, असं किती वेळा झालं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तर या ओळंब्याच्या पायाखालची वाळू एका सोमवारी सरकली. कारखान्याने ठरवलं की बांधकामाची कामं यापुढे बाहेरच्या लोकांकडून करून घ्यायची. गवंडी होते चार. तिघांनी हिशेब घेतला आणि गेले. ओळंब्याला मॅनेजरने बोलावून सांगितलं, "इलेक्ट्रिक खात्यात एक जागा आहे. वर्षभर ट्रेनिंग घ्या, शेवटी परीक्षा द्या. पास झालात तर नोकरीही राहील आणि क्वार्टरही. नाही झालात तर महिनाअखेर किल्ली जमा करायची." क्वार्टर म्हणजे कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या. लग्न होऊन बायको आली ती तिथेच, मुलगी जन्मली ती तिथेच, आणि सासरी गेली तीही तिथूनच. ओळंबा म्हणाला, "शिकतो." दुसरं म्हणणार काय?

ट्रेनिंगचा वर्ग स्टोअरच्या मागच्या खोलीत भरे. चार बाकं, एक फळा, टेबलावर लाकडी पाटीला ठोकलेले मीटर. ट्रेनी बारा. त्यातले अकरा मिसरूड फुटलेले, कॅल्क्युलेटर बडवणारे, आणि बारावा हा. शिकवायला होत्या एक मॅडम, वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्या त्याला 'काका' म्हणत आणि चुकला की इतरांसारखंच झापत. पोरं हसत. ओळंब्याला त्यांचा राग येत नसे. राग यायचा तो पहिल्या बाकाचा, कारण त्याचा एक पाय आखूड होता आणि ते कुणालाच दिसत नव्हतं.

पहिले काही महिने बरे गेले. बॅटरीचा करंट त्याला विटांसारखा वाटला. दोन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडले की दोघांवरच्या व्होल्टेजची बेरीज करायची, ती बॅटरीएवढी येते. चोख हिशेब. मग फळ्यावर आला एसी करंट, आणि काकांच्या नाकी नऊ आले.

"हा करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढे जातो आणि पन्नास वेळा मागे येतो," मॅडम म्हणाल्या.

ओळंब्याने हात वर केला. "मॅडम, गेला तसा परत आला, तर काम कधी करतो?"

वर्ग फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. "करवतसुद्धा मागेपुढेच जाते ना काका? लाकूड कापलं जातं की नाही?"

हे पटलं. गडी खूश झाला. घरी जाऊन त्याने बायकोला करवतीची गोष्ट तीनदा सांगितली. चौथ्यांदा सुरू करायला गेला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मला तर वाटतंय तुमचा करंट नुसता मागेपुढेच करतोय, कापत काहीच नाही." बायकोचं तोंड असं. वर्षभर तिने एकदाही 'आपलं कसं होणार' म्हटलं नाही. नुसती थट्टा. ओळंब्याला वाटायचं, हिला काळजी कशी ती नाहीच.

खरी फजिती झाली ती अकराव्या महिन्यात. प्रॅक्टिकल होतं. पाटीवर बल्बांची एक रांग, तिच्यापुढे जाड तारेची एक मोठी कॉइल, आणि दोघांना मिळून दोनशे तीस व्होल्टचा सप्लाय. बल्बांवर किती व्होल्ट आणि कॉइलवर किती, एवढंच मोजून लिहायचं. ओळंब्याने बल्बांवर मीटर लावला. एकशे अडतीस. लिहिलं. कॉइलवर लावला. एकशे चौऱ्याऐंशी.

ओळंबा थबकला. एकशे अडतीस आणि एकशे चौऱ्याऐंशी, तीनशे बावीस! भिंत दोनशे तीसची आणि तिचे दोन तुकडे मिळून तीनशे बावीस? असं जगात होतं होय! त्याने मीटरला टिचकी मारली. मीटर हलेना. डोळे चोळले. डोळे ठीक होते. मग त्याने तेच केलं जे सव्वीस वर्षं मापाची फीत धरणारा माणूस करेल. दोनशे तिसातून एकशे अडतीस गेले, उरले ब्याण्णव. वहीत लिहिलं, ब्याण्णव. यात लबाडी करावी असं त्याच्या मनातही नव्हतं. बिचाऱ्या मीटरची चूक आपण गुपचूप सांभाळून घेतली, अशीच त्याची समजूत!

मॅडमनी वही बघितली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे ब्याण्णव कुठून आलं?"

"मीटर बिघडलाय मॅडम. मी दुरुस्त करून लिहिलं."

हशाने छप्पर उडायचं बाकी राहिलं. "नाचता येईना, अंगण वाकडं!" मागून कुणीतरी ओरडलं. मॅडमनी टेबलावर डस्टर आपटला.

"काका, ऐका. मीटर बिघडलेला असला तरी त्यावर जे दिसतं तेच लिहायचं. आज तुम्ही रीडिंग मनाने लिहिलंत. उद्या मनानेच लिहाल की लाइन बंद आहे. आणि तुमच्या भरवशावर कुणी हात घातला तर? तीन आठवड्यांनी बाहेरचे परीक्षक येणार आहेत. एक खोटं रीडिंग सापडलं की ते नापास करतात, पुढचं बघतही नाहीत."

आयुष्यात कुणी ओळंब्याला खोटारडा म्हटलं नव्हतं. वर्ग सुटला, पोरं गेली, तरी हा बाकावर बसून राहिला. त्याला अक्षरशः रडू येत होतं. मॅडमच्या ते लक्षात आलं. बॅग खांद्याला लावलेली त्यांनी परत खाली ठेवली.

"काका, मीटर बरोबर होता. ही दोन व्होल्टेज एका वेळी भरात येत नाहीत. बल्बांवरचं पुऱ्या जोरात असतं तेव्हा कॉइलवरचं शून्य असतं. आणि कॉइलवरचं जोरात येतं तेव्हा बल्बांवरचं शून्य. म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. एक आडवं मांडायचं, दुसरं उभं. सप्लाय म्हणजे त्यांच्यातली तिरपी रेघ." त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला. खाली एकशे अडतीस, बाजूला एकशे चौऱ्याऐंशी, तिरपं दोनशे तीस. "सगळे आकडे शेहेचाळीसने भागा बघू."

ओळंब्याने बोटांवर, मग वहीत, मग परत बोटांवर भागाकार केला. तीन. चार. पाच. आणि तो असा ताडकन उठला की बाक कलंडलं.

"अहो मॅडम, हा तर गुण्या!"

"काय?"

"तीन, चार, पाच! पाया आखताना आम्ही दुसरं काय करतो? एका भिंतीवर तीन फूट खूण, दुसरीवर चार फूट. मधलं तिरपं पाच भरलं की कोपरा काटकोनात. हजार कोपरे काढलेत मी या हातांनी!"

आता चकित व्हायची पाळी मॅडमची. गवंडी असं करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. "दाखवा," त्या म्हणाल्या. ओळंब्याला तेवढंच हवं होतं. खडू घेऊन त्याने वर्गाच्याच कोपऱ्यात तीन आणि चार फुटांवर खुणा केल्या आणि तिरपी दोरी ताणली. पाच फूट दोन इंच.

"ही खोली वाकडी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "कोपरा फाकलाय. काटकोनापेक्षा जास्त उघडला की तिरपं वाढतं. मी नाही बांधली हं, माझ्या आधीची आहे."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली.

पुढचे तीन आठवडे क्वार्टरच्या फरशीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. जिकडे तिकडे खडूचे त्रिकोण. बायको चहाचा कप घेऊन उभी राहायची. "कुठून येऊ? एकशे वीसवरून की दोनशे तिसावरून? शॉक बसला तर सांगू कुणाला?" ओळंबा मान वर न करता म्हणायचा, "भिंतीकडून ये." भिंतीकडून यायचं म्हणजे ट्रंक ओलांडायची. ती बिचारी ओलांडायची.

परीक्षा आली. लेखी पेपर आदल्या दिवशी झाला, त्यात तो काठावर का होईना तरला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल. परीक्षक जाड भिंगाचे, तोंडातून शब्द न काढणारे. एकेकाला आत बोलवत. पोरं दहा मिनिटांत बाहेर पडत होती. "सोपं आहे काका, तोच काटकोन!" शेवटचा नंबर ओळंब्याचा.

पाटी तशीच. सप्लाय दोनशे तीस. बल्बांवर एकशे चाळीस. लिहिलं. कॉइलवर मीटर लावला. एकशे पन्नास.

त्याने मनात काटकोन मांडला. एकशे चाळीस आडवे, एकशे पन्नास उभे, तर तिरपं दोनशे पाचच्या आसपास हवं. सप्लाय तर दोनशे तीस! सरळ बेरीज करावी तर दोनशे नव्वद. ना इकडचं, ना तिकडचं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जोडणी तपासली. परत तपासली. तिसऱ्यांदा तपासली. मीटर आपला एकशे पन्नासच म्हणतोय.

कागदावर उलटा हिशेब केला. काटकोन यायचा तर कॉइलवर एकशे ब्याऐंशी हवेत. एकशे ब्याऐंशी लिहिलं की सगळं जुळतं. पेन हातात. परीक्षक खिडकीबाहेर बघत होते. कोण पाहणार आहे? दोन खोल्या, बायको, सव्वीस वर्षं, सगळं त्या एका आकड्याला टांगलेलं.

त्याने लिहिलं, एकशे पन्नास.

मग, गेलो तर गेलो, म्हणत खिशातली दोरी काढली. दहा व्होल्टला एक सेंटिमीटर धरून चौदा, पंधरा आणि तेवीसचा त्रिकोण कागदावर आखला. आखल्यावर बघतो तर काय, कोपरा काटकोनाच्या पलीकडे उघडलेला.

"साहेब," तो म्हणाला आणि आपल्याच आवाजाने दचकला. "साहेब, कोन फाकलाय."

भिंगं त्याच्याकडे वळली. "म्हणजे?"

"म्हणजे ही नुसती कॉइल नाही. तारेचा स्वतःचाही रेझिस्टन्स आहे. ही थोडी बल्बासारखी वागतेय, म्हणून उभी रेघ बाहेर कलली."

"किती कलली?"

ओळंब्याने गुण्या लावून सरळ रेघ काढली आणि कललेलं अंतर पट्टीने मोजलं. "अडतीस-एकोणचाळीस व्होल्ट."

परीक्षकांनी कागद हातात घेतला. मग त्यांनी मॅडमना आत बोलावलं आणि आधीचे अकरा कागद टेबलावर पत्त्यांसारखे पसरले.

"ही कॉइल मी मुद्दाम बारीक तारेची, जास्त रेझिस्टन्सची आणलीय," ते म्हणाले. "अकरा जणांनी एकशे ब्याऐंशी लिहिलंय. या मीटरवर सकाळपासून एकशे ब्याऐंशी एकदाही आलेलं नाही." मॅडम लालेलाल झाल्या. "त्यांना पुढच्या आठवड्यात परत बसवा. यांना परत बसायची गरज नाही." आणि ओळंब्याच्या कागदावर सही केली.

पोरं बाहेर उभी होती. ओळंब्याने त्यांना टोमणा मारायला हवा होता, हक्कच होता त्याचा. पण त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "घाबरू नका रे, आठवडा आहे. मी दाखवतो." आणि तो जवळजवळ पळतच क्वार्टरकडे निघाला.

दुपार झालेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेला तर बायको स्टुलावर चढलेली. वरच्या फळीवरचे डबे निम्मे उतरवलेले, चार खोकी भरून सुतळीने बांधून भिंतीशी लावलेली. एका खोक्यावर तिच्या अक्षरात 'कप-बशा, सावकाश' असं लिहिलं होतं. ती दचकली. पदराने हात पुसत खाली उतरली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हे काय गं?" तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास नव्हता?"

"तुमच्यावर होता," ती म्हणाली. "नशिबावर नव्हता. म्हटलं, तुम्ही पडलेल्या चेहऱ्याने आलात तर निदान बांधाबांध तरी करायला लागू नये."

"पास झालो."

वर्षभर जिचं तोंड एक दिवस बंद नव्हतं, ती तशीच स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. ओळंब्याला आत्ता कळलं, हिची प्रत्येक थट्टा कुठून येत होती ते. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो खाली बसला, पहिल्या खोक्याची सुतळी सोडली आणि कप-बशा सावकाश बाहेर काढायला लागला.