वरच्या गल्लीचा बाक आणि आमची विहीर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एका वॉर्डात दोन गल्ल्या असाव्यात, दोघींना मिळून निधी एकच असावा आणि तो दर वेळी एकाच गल्लीत जिरावा, की किस्से आपोआप साचत जातात.

आमच्या बुऱ्हानपूरच्या लोधीपुऱ्यात वरची गल्ली आणि खालची गल्ली. मी खालचा. पेपर मिलच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून आलो आणि इथलाच झालो. वरच्या गल्लीत दिगंबर राहतो. वय माझ्या निम्मं, दुकान मोबाइल रिपेअरिंगचं आणि अर्ज करण्यात एकदम पोहोचलेला. त्यानं अर्ज केला की बगीचा येतो, पेव्हर ब्लॉक येतात, ओपन जिम येते. मी अर्ज केला की पावती येते. जळतो का मी? जळतो! उगाच खोटं कशाला बोलू?

बरं, आमचं मागणं काय? एक विहीर. गल्लीच्या तोंडाशी काळ्या दगडाची जुनी विहीर आहे, आत उतरायला पायऱ्या आहेत, पण कठडा एका बाजूनं ढासळलाय. इंजिनिअर सांगून गेला, "मार्चएण्डपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर मलबा टाकून बुजवावी लागेल." आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पुजते. सीमाच्या वेळी आमच्या सौ.नं हीच विहीर पुजली होती. आता सीमा भुसावळहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय आणि सौ.नं मला बजावलंय, "माझी लेक नळाची तोटी पुजणार नाही, सांगून ठेवते!"

* * *

पहिला किस्सा बाकाचा. वरच्या गल्लीसाठी सिमेंटचे बाक मंजूर झाले होते. टेम्पो आला त्या दिवशी तिकडं लग्नाचा मांडव पडलेला, म्हणून ड्रायव्हरनं एक बाक आमच्याच गल्लीत उतरवला आणि निघून गेला. आम्ही कशाला बोलतो! शाहपुरची केळीची बाग पोरांवर सोपवून इथं राहायला आलेले आमचे तात्या ताबडतोब त्याच्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दिगंबर चार माणसं घेऊन हजर. तात्या उठेनात.

"बसेल माणसाले उठवाचा आदेश दाखव आधी!"

दिगंबर हसला. चौघांनी तात्यांसकट बाक उचलला आणि वरच्या गल्लीत बगीच्यासमोर नेऊन ठेवला. ते आजतागायत तिथंच बसतात. मी एकदा चिडून म्हणालो, "तात्या, पार्टी बदलली का हो?"

"मी कुठं गेलो? बाक गेला!"

* * *

मग आली ओपन जिम. आठ दिवसांत तिच्यावर लोकांनी कपडे वाळत घातले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सार्वजनिक पैशाचा हा उपयोग! मोबाइल काढला, पुरावा म्हणून झकास फोटो घेतला, पेडल मारायच्या मशीनवर एक हिरवी साडी टाकलेली. घरी येऊन सौ.ला दाखवला.

ती म्हणाली, "अगंबाई, वाळली वाटतं! येताना घेऊन नाही का यायचं?"

हिचं रोजचं फिरणंही त्याच बगीच्यात. स्वतःच्या गल्लीत काय होतं, असं विचारलं तर म्हणते, "इथं फिरले तर विहिरीत पडेन."

* * *

आमच्याकडं काहीच झालं नाही, असं मात्र नाही. विहिरीचं भूमिपूजन तीनदा झालं. प्रत्येक वेळी नवा पाहुणा, नवी कुदळ, नवा नारळ. काम एकदाही नाही. तिसऱ्या वेळी पाहुण्यांनी भाषणात विचारलं, "विहिरीत पाणी किती आहे?"

मागून आमच्या शेजारच्या कमलाबाई ओरडल्या, "पाण्याचं माहीत नाही, करवंट्या भरपूर हायेत!"

* * *

या कमलाबाईंचाही एक किस्सा. आवास योजनेत घर मिळावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. कच्च्या घरासमोर उभं करून फोटो काढायला सर्व्हेवाला येणार, असा निरोप आला. बाईंनी दोन दिवस खपून भिंतीला चुना मारला, दाराला तोरण लावलं, सुनेची पैठणी नेसल्या आणि गॉगल लावून उभ्या राहिल्या. अर्ज नामंजूर!

मी म्हटलं, "बाई, काय केलं हे?"

"वा! फोटो भोपाळले जाणार होता. दळभद्री कशी दिसू?"

पुढं दिगंबरनं त्यांचा अर्ज परत लावला. सर्व्हेवाला यायच्या आधी त्यानं तोरण स्वतः काढलं, पैठणी बदलायला लावली आणि म्हणाला, "मावशी, हसू नका फक्त." मंजूर! कमलाबाई आता उठता-बसता त्याचं नाव घेतात. आमच्या गल्लीत घर झालं, त्याचा आनंद मला व्हायला हवा होता. झाला नाही. ते मला का सुचलं नाही?

* * *

शेवटी मी ठरवलं, मागून मिळत नाही ना, मग तक्रार करू. आमच्या बुऱ्हानपुरात दर मंगळवारी सरकारी कचेरीत जनसुनवाई असते, साहेब स्वतः लोकांच्या तक्रारी ऐकतात. गेलो, रांगेत उभा राहिलो आणि लेखी दिलं की, वरच्या गल्लीच्या बगीच्यातले झोपाळे निकृष्ट आहेत, चौकशी व्हावी. आणि चौकशी झाली हो! दोन साहेब आले, झोपाळे हलवून पाहिले, म्हणाले, "शिकायत बिलकुल सही है."

पंधरा दिवसांत तिथं नवे झोपाळे बसले. सोबत एक घसरगुंडीही.

दिगंबरनं रस्त्यात हात जोडले, "काका, तुमचे लई उपकार झाले!"

* * *

फेब्रुवारी संपत आला होता. एके दिवशी तात्यांनी त्या बाकावरूनच हाक मारली, "ऐकलं का? दिगंबरचं आजून एक काम पास झालं म्हने!"

माझं डोकंच फिरलं. आमच्या विहिरीला महिना उरलाय आणि याचं अजून एक! दुसऱ्याच दिवशी मंगळवार. सकाळी चहा न घेता निघालो. साहेबांसमोर उभा राहिलो आणि एका दमात सांगितलं, "साहब, इस वॉर्ड में दिगंबर की अर्जी पे ही सब काम होते हैं. इसकी जांच होनी चाहिए."

साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "अभी तो उनके आवेदन का एक ही काम है. स्वीकृत हो गया है, सोमवार से लगना है. रोक दें?"

"रोक दीजिए! जांच होने तक एक ईंट नहीं लगनी चाहिए!"

"जांच में तीन-चार महीने निकल जाएंगे, बाबूजी."

"निकलने दीजिए!"

त्यांनी सही केली, शिक्का मारला, पावती माझ्या हातात दिली. बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. चष्मा लावला आणि पावती वाचली. 'रोके गए कार्य का विवरण: निचली गली, पुराना कुआं, जीर्णोद्धार.'

पुन्हा वाचली. तेवढ्यात समोरून दिगंबर पायऱ्या चढत आला. हातात मिठाईचा डबा.

"अरे काका! इथंच भेटले! तोंड उघडा आधी!" आणि त्यानं दराब्याचा अख्खा घास माझ्या तोंडात कोंबला. "आपल्या विहिरीचं झालं मंजूर! मीच टाकला होता अर्ज. तुमाले बोललो नाही, म्हटलं पक्कं झाल्यावरच सांगू. सोमवारी काम लागते. सीमाताईची पूजा आपल्याच विहिरीवर होईन, काकूंना सांगा! साहेबांले गोड द्यायले आलो होतो."

मी पावतीची घडी मुठीत दाबली.

"पन काका, तुम्ही कशाले आल्ते इथं?"

तोंडात दराबा होता. मी डब्यातून आणखी एक घास उचलून तोंडात कोंबला.