उडत्या काकाजींची खुर्ची

उडते काकाजी पंगतीतून कधीच वेळेवर उठले नाहीत. सगळ्यांची बोटं चाटून झाली, पत्रावळी गोळा झाल्या, दुसऱ्या पंगतीची माणसं मागे उभी राहून घसे खाकरू लागली, तरी हा माणूस आपला मांडी घालून बसलेला. वाढणाऱ्याला हाक ठरलेली, "आन बाप्पा अजून एक रोडगा. अन् तूप हात राखून नोको वाढू, गाय तुही नाई!" रोडगा म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा दणकट गोळा. चांगला धडधाकट तरुण दोन रोडग्यांत गार होतो. काकाजी त्याच्या पुढेही मागत. अमरावतीपासून शेंदूरजनाघाटापर्यंतचे नातेवाईक कौतुकानं म्हणत, साठी उलटली, पण माणसाचं पचन बघा!

पचनाचा काही संबंध नव्हता. काकाजींना उठताच येत नव्हतं.

हे फक्त मला ठाऊक होतं. पंगत पांगून सगळे हात धुवायला गेले की मी त्यांच्या कानात काही गुपित सांगायला वाकल्यासारखं करायचो, आणि ते माझ्या खांद्याला लोंबकळत उभे राहायचे. आता हे सांगायला हरकत नाही. काकाजी सध्या इतके दूर आहेत, की त्यांची चप्पल माझ्यापर्यंत पोचायची नाही.

आधी 'उडते'चं सांगतो. काकाजींची संत्र्याची बाग शेंदूरजनाघाटला, राहणं अमरावतीत, माझ्या भिंतीला भिंत लावून. तरुणपणी संक्रांतीला त्यांनी अख्ख्या मोहल्ल्याचे पतंग कापले होते, आणि हे ते दर संक्रांतीला सांगत. पन्नाशीनंतर लेकीकडे तमिळनाडूत गेले. तिथल्या समुद्रावर पोरं पायांना फळी बांधून, खोलीएवढ्या पतंगाच्या ओढीनं पाण्यावरून सुसाट जात होती, मधेच हवेत उडत होती. "लोकं समुद्र पाहून राह्यले होते," काकाजी म्हणत, "म्या समुद्र पाह्यलाच नाई. म्या पतंग पाह्यला." दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. "मास्तर इंग्रजीत सांगे, आन मी वऱ्हाडीत पडो."

परत येताना त्यांनी पतंग, फळी, कमरेचा पट्टा असं सगळं सामान आणलं. समुद्र तेवढा आणता आला नाही, म्हणून मोर्शीजवळचं धरण पक्कं केलं. मे-जूनच्या तापल्या दुपारी, शहाणी माणसं कूलरसमोर आडवी असताना, काकाजी अर्ध्या चड्डीत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून पाण्यावर. पहिल्यांदा ते हवेत उडाले तेव्हा डोंग्यातला मासे धरणारा जाळं सोडून उभा राहिला आणि ओरडला, "ओ काकाजी! खाली उतरा, घरचे वाट पाहून राह्यले!"

घरचे म्हणजे काकीजी. त्या काठावर बाभळीखाली बसून असत आणि काकाजी पाण्यातून परत येईपर्यंत काही बोलत नसत. नंतर मात्र भरपूर बोलत. उडायला काही लागत नाही, उतरायला गुडघे लागतात, आणि काकाजींचे गुडघे हळूहळू कुरकुरायला लागले होते. काकीजींना त्याची कुणकुण असावी. कारण एका लग्नात कुणा थकलेल्या मामाजींना पंगतीत खुर्ची दिली गेली, तेव्हा त्यांनी चारचौघांत बजावलं, "ज्या दिवशी तुमी पंगतीत खुर्ची मांगसान, त्या दिवशी तो पतंग माळ्यावर. सांगून ठेवते."

आमच्याकडे पंगतीतली खुर्ची ही साधी गोष्ट नाही. एकदा ती मिळाली की लोक तुमच्याशी मोठ्यानं बोलायला लागतात, आणि पापड चुरून देतात. काकाजींनी रोडगे खाणं पत्करलं.

गुडघ्यांना ते जावई म्हणत. "उजवा गरीब हाये, देसान ते खाते. डावा लेकाचा अधिक महिन्यातला जावई! मानपान चुकला का बसला तोंड फुगवून." या डाव्या जावयाचा मानपान पहाटे न्हाणीघरात दार लावून चाले. निर्गुडीचं तेल, एरंडाचं गरम पान, वर जुन्या लुगड्याची पट्टी. काकीजींनी वास कसला म्हणून विचारलं तर उत्तर तयार, "बाजूचा पोट्टा काहीबाही लावून राह्यला अंगाले." बाजूचा पोट्टा म्हणजे मी. माझे केस तेव्हा निम्मे पिकलेले.

शेवटी तेलानं भागेना. अमरावतीत दवाखान्यात गेलो असतो तर काकाजी जिना उतरायच्या आत बातमी घरी पोचली असती. म्हणून अकोला गाठायचं ठरलं. निमित्त काय, तर माझ्या भाच्यासाठी मुलगी पाहणं. पुढचे काही महिने आम्ही अकोल्यात नसलेल्या इतक्या मुली पाहून नापसंत केल्या, की काकीजी माझ्यावर कडाडल्या, "तो भाचा सोताले समजते तरी कोण?"

अकोल्याची फिजिओथेरपिस्ट तिशीची, हसरी, पण डोळ्यांनी माणूस चाचपणारी. तिनं काकाजींचा धरणावरचा व्हिडिओ दोनदा पाहिला, गुडघे वाकवून, दाबून बघितले आणि म्हणाली, "उड्या बंद. मांडीचे स्नायू बळकट करायचे, मी दाखवते तसं रोज. फळी रुंद घ्या, म्हणजे पायाला रेटावं लागणार नाही. दुखायला लागलं की लगेच बाहेर, दुखून झाल्यावर नाही." काकाजी खूश. मग तिनं वजनकाट्यावर उभं केलं. "काकाजी, हे एवढं कशानं वाढलं?"

काकाजी पंख्याकडे पाहू लागले. मी सांगून टाकलं.

ती आधी पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे उठता येत नाही म्हणून खाता, खाता म्हणून वजन, वजनानं गुडघा, आणि गुडघ्यानं उठता येत नाही! तुमचा घात पाण्यानं नाही केला, रोडग्यानं केला. पाणी नका सोडू. मांडी घालून बसणं सोडा."

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. काकाजींनी कप तसाच ठेवला. "खुर्ची घेतली तं पतंग जाते," ते म्हणाले, "नाई घेतली तं पाय जाते."

त्या हिवाळ्यात बागेत नेहमीप्रमाणे रोडग्यांचं जेवण होतं. संत्र्याच्या झाडांखाली सतरंज्या, वांग्याच्या भाजीचा घमघमाट, सगळं गणगोत बसलेलं. काकाजी पत्रावळीपाशी आले आणि उभेच राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले खुर्ची पायजे. गुडघा दुखते."

भाजीची बादली जागच्या जागी थांबली. काकीजींनी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली आणि तडक गाडीकडे गेल्या. मला वाटलं, रागावून निघाल्या. त्या डिकीतून घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि पत्रावळीसमोर खाडकन उघडून ठेवली.

"तीन वर्षं झाले, गाडीत घालून फिरून राह्यली मी हे," त्या म्हणाल्या. "काहून, मले नाक नाई? बाजूच्याचं तेल तुमच्या चादरीले लागते का? आन त्या अकोल्याच्या पोरी! इतक्या पाह्यल्या, एकीचं नाव नाई आलं कोनाच्या तोंडून."

मी वांग्याच्या भाजीत डोकं घातलं.

"मंग... पतंग?" काकाजींचा आवाज अगदीच लहान झाला होता.

"राहू द्या खालीच. दुखते म्हनून सांगनाऱ्याचा भेव नाई मले. लपवनाऱ्याचा हाये. तिकडं मधात पान्यात पाय अडकला असता तं कोनाच्या खांद्याले लोंबकळले असते तुमी? याच्या?" हे म्हणताना त्यांनी तुपाची पळी उचलून माझ्याकडे रोखली होती.

काकाजी खुर्चीत बसले. एकच रोडगा खाल्ला. लोकांना वाटलं, माणूस आतून खचला.

पुढं बाग भावाकडे सोपवून दोघं लेकीकडे राहायला गेली. निघताना काकाजींनी मला निर्गुडीच्या तेलाची उरलेली बाटली दिली. "ठेव. वास तं तसाबी तुहाच होता." मधेमधे व्हिडिओ येतात. काकाजी आता उडत नाहीत. रुंद फळीवर, गुडघे किंचित वाकवून, शिस्तीत सरकत जातात. वाळूत तीच घडीची खुर्ची, तिच्यात काकीजी. परवाच्या व्हिडिओत त्यांचा आवाज आला, "दुखून राह्यलं का?" पाण्यावरून उत्तर आलं, "थोडंसं!" "या मंग बाहेर!" आणि पतंग खरंच काठाकडे वळला.

मी तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. बघा म्हटलं, असं असावं, सांगून मोकळं व्हावं.

या हिवाळ्यात पुन्हा बागेत जेवण झालं. जेवून मी पत्रावळीला नमस्कार केला, उठायला हात टेकला, आणि उजव्या गुडघ्यानं स्पष्ट नकार दिला. समोर माझी बायको तुपाची वाटी घेऊन उभी होती. आजूबाजूला सगळे उठलेले. मागे दुसऱ्या पंगतीनं घसा खाकरला.

"काय झालं?" तिनं विचारलं. "दुखते का?"

"छे!" मी म्हटलं. "वाढ अजून एक रोडगा."