चौकी सांभाळणारं गाव

नांदेडहून सकाळी माझ्या गाडीने निघालो तेव्हा बाबा खुशीत होते. लातूरला त्यांचे डोळे तपासायचे होते. ते निवृत्त शिक्षक. हल्ली त्यांना जुनं सगळं आठवतं, आजचं राहत नाही. लोहा, अहमदपूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं.

चाकूरच्या अलीकडे एका फाट्यावर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा) खायला थांबलो. फोडणीत शेंगदाणे भरपूर, वर कच्चा कांदा. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बोलत बोलत मी झाडाखाली गेलो. वळून पाहिलं तर बाबांची बशी अर्धी आणि बाकडं रिकामं. लिहायला लाज वाटते, पण फोन मी लगेच ठेवला नाही. लघवीला गेले असतील, असं स्वतःला सांगून बोलणं पुरं केलं.

नंतर धावाधाव. हॉटेलवाल्याने गावातली पोलीस चौकी दाखवली. वाटेत सरकारी दवाखान्याला कुलूप होतं. चौकीत हवालदार शेख एकटेच. बाकीचे बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही; जीप बंदोबस्ताला गेलेली. बाबांचं वय, कपडे, शिक्षकी, सगळं मी एका दमात सांगितलं.

"घाबरू नका जी," शेख म्हणाले आणि समोरच्या किराणा दुकानाकडे हाक मारली, "अप्पा, या बरं! यांचे वडील हरवलेत."

कपाळाला भस्म लावलेले अप्पा गिऱ्हाईक सोडून आले आणि थेट फोनजवळच्या खुर्चीत बसले. "निघा तुम्ही. फोन मी बघतो."

"मागच्या बारीला फोनवर तुरीचा भाव सांगितला यांनी," शेख मला म्हणाले.

"त्यानं विचारला, मी सांगितला!"

चौकी बंद पडू नये म्हणून गावानेच अशा पाळ्या लावल्या होत्या. माझी गाडी फाट्यावरच होती; दुधाचा टेम्पो दारात आला, त्यात शेख आणि मी बसलो. डिझेल त्याच्या मालकाचंच. मंदिराच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला : पांढरा सदरा, हातात काठी. थोड्याच वेळात अप्पांनी शेखांना फोनवर कळवलं, जुन्या स्टँडवर एक आजोबा बसलेत.

रस्ता गावाबाहेरून गेल्यापासून तिथे बस येत नाही. बाबा सावलीत निवांत बसले होते.

"उदगीरची गाडी कधी आहे?" त्यांनी शेखांना विचारलं. उदगीरला त्यांची पहिली नोकरी होती.

"ती बंद झाली, गुरुजी. तुमच्या पोराची हाय, तिच्यात चला."

"हा चालवतो?" बाबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "सावकाश चालव म्हणावं."

मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

चौकीत परतून मी पाकीट काढलं, तर अप्पा उखडले. "ठेवा ते! माघारी येताना तासभर इथं बसा. मला बाजाराला जायचंय, साहेबाला घरी जेवायचंय."

लातूरला डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण घाई नाही. दुसऱ्या दिवशी परतताना चौकीत थांबलो. नांदेडात पोलिसांच्या नावाने मी कायम बोटं मोडतो, पण आमच्या चौकातल्या पोलिसाचं नाव मला ठाऊक नाही. शेख जेवायला गेले. मी खुर्चीत बसलो, बाबा शेजारच्या बाकावर. त्यांच्या सदऱ्याचं टोक माझ्या मुठीत. फोन एकदाही वाजला नाही. त्या तासात त्या गावात कुणाचं कुणी हरवलं नव्हतं.