अण्णांना गावलेला मासा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये दोन आंटी अजूनही मला बघितलं की भिंतीकडे तोंड करून हसतात, त्यात तुमची भर पडली तर माझं काय जातंय? माणसाने माती खावी, पण निदान कोरड्या जागी खावी. मी ती पाण्यात जाऊन खाल्ली.

त्याचं असं झालं. माझे वडील, अण्णा, कऱ्हाडहून आमच्याकडे सिंगापूरला, बुकित बातोकला आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. मी आणि माझी बायको मानसी सकाळी ऑफिसला निघायचो तेव्हा अण्णा खिडकीत बसलेले असायचे आणि संध्याकाळी परत यावं तर तिथेच. कंटाळा येतो का? नाही, छान आहे. जेवण कसं झालंय? छान आहे. पंखा कमी करू का? छान आहे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कशालाच छान म्हटलं नव्हतं, तो सारखा छान म्हणायला लागला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

आणि एकदा जेवताना, ताटाकडे बघतच, ते म्हणाले, "पुढच्या आठवड्याचं तिकीट मिळतं का बघ."

चांगले तीन महिने राहायला आलेला माणूस! अजून बॅगेच्या तळाचे कपडेही निघाले नव्हते. मी बघतो म्हटलं आणि अर्थातच बघितलं नाही. तिकडे कऱ्हाडच्या रिकाम्या घरात ते एकटे काय करणार, ह्या विचाराने मला झोप लागेना. त्यांना इथे ठेवून घ्यायचं, पण कशाच्या जोरावर? सिंगापूरमधलं जे जे दाखवण्यासारखं होतं, ते सगळं त्यांनी 'छान आहे' म्हणून निकालात काढलं होतं.

मग मला आठवला गळ. अण्णा तालुक्याच्या बँकेतून निवृत्त झाले खरे, पण त्यांचा जीव कधीच बँकेत नव्हता. तो कृष्णेच्या काठी गळ टाकून बसण्यात होता. आमच्या खालच्या मजल्यावर अंकल लिम राहतात. तेही निवृत्त, आणि दर शनिवार-रविवार मासेमारीची काठी घेऊन लिफ्टमध्ये भेटणारे. मी त्यांना गाठलं. त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. त्यांनी सांगितलं, इथल्या जलाशयात बास मासा मिळतो, शेपटीवर मोरपिसासारखा डोळा असलेला, आणि सध्या त्याचा सीझन आहे, सगळे कसे काठाशी येऊन राहिलेत. "युअर फादर ब्रिंग लाह. कॅन, कॅन."

आता इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण मी पडलो आयटीतला मॅनेजर. काम सुरू व्हायच्या आधी ते संपल्याचं जाहीर करायची आम्हाला सवय! मी लगेच व्हॉट्सॲपवर निमंत्रण धाडलं. क्लेमेंटीला खोली घेऊन राहणारे सायली आणि निखिल, दोघं पोस्टडॉक, घरच्या जेवणाला आसुसलेले. त्यांना लिहिलं, रविवारी संध्याकाळी या, अण्णांनी स्वतः धरलेल्या माशाचं कालवण आहे. त्यांचं उत्तर जरा उशिरानेच आलं. 'अण्णांनी धरलाय म्हणजे यायलाच हवं.' ह्या वाक्यात काहीतरी अडकलंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

अण्णांना बेत सांगितला तर ते म्हणाले, "आत्ता? या महिन्यात?"

मी म्हटलं, "अहो अण्णा, सीझन आहे!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले. रविवारी सकाळी बघतो तर परातीत कणीक मळतायत. हळद, हिंग, किंचित तेल. कृष्णेच्या माशांना हिंगाचा वास आवडतो म्हणे. मानसीने ओल्या नारळाचं वाटण करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं, मी मासा आणायला लाल पिशवी घेतली होती, आणि आम्ही बापलेक बसने निघालो.

काठावर पोचल्या पोचल्या अंकल लिमनी कणकेचा डबा बघून दोन्ही हात हलवले. इथे खायचं आमिष चालत नाही, फक्त खोटं. त्यांनी आपल्या पेटीतून एक चकचकीत प्लॅस्टिकचा मासा काढून अण्णांच्या तळहातावर ठेवला. अण्णांनी तो उलटसुलट केला. "फसवायचं तर निदान त्याच्या पोटाला तरी काहीतरी द्यावं," एवढंच म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

पण काठी हातात आली मात्र, माणूस बदलला. खांदे सैल झाले. पाय रोवले गेले. अंकल लिमना मराठी येत नाही आणि अण्णांचं इंग्रजी बँकेतल्या पत्रांपुरतं, तरी दोघांचं हातवारे करून असं काही जमलं की मी तिथे उपराच. मी आपला मागे लाल पिशवी पसरून उभा. मध्येच अण्णा चक्क हसले. मी ते हसू आई गेल्यापासून पहिल्यांदा बघत होतो, आणि मला भरून आलं. खोटं कशाला सांगू?

एवढ्यात काठी वाकली. अण्णांनी घाई केली नाही. ढील दिली, ओढलं, पुन्हा ढील दिली, आणि हिरवा-पिवळा, ऐटबाज मासा काठाशी आणला. शेपटीवर तो डोळा. मी मनात नारळाच्या वाटणात त्याचे तुकडे सोडूनसुद्धा मोकळा झालो. अण्णांनी वाकून ओल्या हाताने त्याला धरलं, गळ अलगद काढला, पाण्याकडे क्षणभर बघितलं. आणि मासा हातातून गेला!

गेला म्हणजे? निसटला! म्हाताऱ्या हातातून निसटला! संध्याकाळची पाहुणेमंडळी, वाटण, तिकीट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी "अण्णा, धरतो!" असं ओरडून पिशवीसकट झेप घेतली. दगडावर शेवाळ होतं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पाण्याखाली मला हिरवं हिरवं दिसलं आणि सगळं संपलं असं वाटलं. वर येऊन मी एका कानाला लोंबणाऱ्या चष्म्यानिशी हातपाय झाडत "वाचवा" म्हणून ओरडलो. मराठीत. अंकल लिमनी मासे उचलायची लांब दांड्याची जाळी पुढे केली, ती नेमकी माझ्या डोक्यात बसली. काठावर व्यायाम करणाऱ्या बायकांचा अख्खा घोळका थांबला. त्यात त्या लिफ्टवाल्या दोघी होत्या, हे माझं नशीब.

अण्णा शांतपणे म्हणाले, "अरे, उभा राहा की."

उभा राहिलो. पाणी कमरेएवढं होतं.

दोघांनी मला जाळीसकट ओढून काढलं. अंकल लिम डोक्याला हात लावून म्हणाले, "युअर फादर रिलीज लाह! यू जंप फॉर व्हॉट?"

मी अण्णांकडे बघितलं. "तुम्ही सोडलात? मुद्दाम?"

"खाली बघ," अण्णा म्हणाले. मी बघितलं. काठाच्या उथळ पाण्यात बारीक पिल्लांचा एक काळसर ढग तरंगत होता, आणि तो मगाचचा मासा त्याच्याभोवती येरझारा घालत होता. काठाशी येऊन राहायचा सीझन तो हा! "पिल्लांवरचा मासा नेत नाहीत रे. आणि श्रावण लागलाय, मंगळवारपासून."

श्रावण! इथे बारा महिने तोच उकाडा, तोच पाऊस. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये श्रावण कुठून येणार? कऱ्हाडला श्रावण लागला की आई गळ आणि दोरी उचलून माळ्यावर ठेवून द्यायची, आणि महिना संपल्यावरच खाली काढायची. अण्णा कितीही कुरकुरले तरी.

"मग आधी का नाही बोललात?"

"तू इतक्या उत्साहात होतास. मग म्हटलं, हे लिमसाहेब धरून सोडून देतात, आपणही सोडू." मग खांद्यावरचा पंचा काढून ते माझं डोकं पुसायला लागले. खसाखसा, लहानपणी नदीवरून आल्यावर पुसायचे तसंच. "यंदा गळ माळ्यावर ठेवायला घरात कुणी नाही. आपलं आपल्यालाच लक्षात ठेवायचं."

पन्नाशीला टेकलेला मी, भर काठावर, ओल्या पँटमध्ये, मुकाट्याने डोकं पुसून घेत होतो. मला आईची आठवण आली. त्यांनाही आली असणार, कारण डोकं कोरडं झालं तरी ते पुसतच होते.

संध्याकाळी सायली आणि निखिल आले ते जरा चोरट्यासारखेच. कालवण नाही म्हटल्यावर दोघांनी असा सुस्कारा सोडला की काय सांगू! दोघंही श्रावण पाळतात. पण म्हाताऱ्या माणसाने धरलेला मासा, नाही कसं म्हणायचं, म्हणून एक दिवस मोडायची तयारी करून बिचारे आले होते. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त एका मॅनेजरला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या भरवशावर वाटण करणाऱ्या बायकोला.

मग अण्णा उठले. तुरीच्या डाळीचं आमटीसारखं पातळ वरण फोडणीला टाकलं, कणीक लाटून शंकरपाळ्यांसारखी कापली आणि त्यात सोडून चकोल्या केल्या. वर तुपाची धार. सायलीने तिसऱ्यांदा वाढून घेतल्या आणि म्हणाली, अण्णा, कणकेला काय सुरेख वास आहे हो.

"असणारच," अण्णा म्हणाले. "माशांसाठी मळली होती."

सायलीचा घास हवेत थांबला. मग तिने विचारलं, "अजून आहेत का?" त्यावर अण्णा जे हसले, ते पार ठसका लागेपर्यंत.

मंडळी गेल्यावर मी भांडी घासत होतो. बाहेर अण्णांनी कऱ्हाडच्या त्यांच्या मित्राला, बापूकाकांना, फोन लावला होता. तिकिटाचं काय बोलतात म्हणून मी नळ बंद केला.

"न्हाई रे, एवढ्यात न्हाई येत. हितं एक लिम म्हणून दोस्त झालाय... हां, गेलो होतो की... एक सोडून दिला, आणि एकच वर काढला. मोठा? मोठा म्हणजे काय, चांगला साडेपाच फूट! चष्मा लावलेला."

पलीकडून बापूकाकांनी काहीतरी विचारलं असावं.

"सोडतोय कुठला? घरी आणला. त्याला कमरेएवढ्या पाण्यात पण उभं राहता येत न्हाई."