मिस ऑर्थेला आणि न धावणारा नातू

या गोष्टीत पहिली माती सांगणाऱ्यानेच खाल्ली, तेव्हा सुरुवात तिथूनच केलेली बरी. टेविन पिकेट हा सोळा वर्षांचा पोरगा काउंटीच्या सरकारी शाळेच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा लांबुडका बॉल छातीशी धरून अख्ख्या संघाला गुंगारा देत पळाला. सांगणाऱ्याने ते मोबाइलवर टिपलं आणि गावभर पसरवलं. वर फुशारकीने लिहिलं, ‘पोरगा बघा, आणि त्याच्या आजीचे टमाले खायला या’. खाली पत्ता. टमाले खायला कोणी फिरकलं नाही. आले ते मिस्टर हॅल्सी ट्रंबल, कॉटनवुड अकॅडमी या गोऱ्यांच्या खासगी शाळेचे मुख्याध्यापक.

मिस ऑर्थेला दुकानाच्या खिडकीत बसून मक्याच्या सालींत पीठ आणि तिखट खिमा गुंडाळत होत्या. मिसिसिपीच्या त्या सपाट, कापूसपिकाच्या मुलखात त्यांच्या हातचे टमाले गोरेही खात, काळेही खात. फक्त रांगेत एकमेकांशी बोलत नसत.

“मिस ऑर्थेला, कशा आहात तुम्ही?” ट्रंबलनी टोपी काढली.

मिस ऑर्थेलांचा हात थांबला. हा माणूस मिसरूड फुटल्यापासून या खिडकीशी येत होता, आणि आजवर एकच वाक्य बोलला होता : “ऑर्थेला, दोन डझन दे.”

“आज ‘मिस’ लागलं, ‘तुम्ही’ लागलं, टोपीसुद्धा उतरली,” त्या म्हणाल्या. “कोण वारलं, मिस्टर ट्रंबल?”

ट्रंबल कसंनुसं हसले. पावसाबद्दल बोलले, चर्चच्या छपराबद्दल बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना भागच होतं. खासगी शाळांच्या संघटनेचा नियमच होता की खेळासाठी पोरं विकत आणायची नाहीत. सापडलात तर वर्षभर संघ बाद.

“टेविनसारख्या हुशार मुलाला आमची दारं उघडी आहेत,” ते शेवटी म्हणाले. “फी माफ, पुस्तकं माफ.”

“हुशार? गणितात गटांगळ्या खातोय तो.”

“गुण काय, निरनिराळे असतात.”

“असतात ना. काहींचे पायात असतात म्हणे.”

ट्रंबलनी रुमाल काढून मान पुसली.

मिस ऑर्थेला चौदा वर्षांच्या होत्या त्या जानेवारीत कोर्टाचा हुकूम आला, की काळी आणि गोरी पोरं एकाच शाळेत बसतील. सोमवारी त्या गोऱ्यांच्या शाळेत गेल्या, तर तिथे गोरं पोर औषधालाही नव्हतं. हायवेपलीकडे एका रविवारात कॉटनवुड अकॅडमी उभी राहिली होती. बाकं तिकडे गेली होती, प्रयोगशाळेतले मायक्रोस्कोप गेले होते, छताचे दिवेसुद्धा काढून नेले होते. काउंटीच्या शाळाखात्याचा अध्यक्ष म्हणजे ट्रंबलचा बाप. स्वतःचं पोर कॉटनवुडला, सही मात्र सरकारी शाळेच्या कागदांवर. मिस ऑर्थेलांची आई त्याला विचारायला गेली, तेव्हा तो म्हणाला, “पुस्तकं ठेवलीत ना? शाळा पुस्तकांसाठी असते, बाई. बाकीचंही बघू, शब्द देतो.”

तो शब्द मिस ऑर्थेलांनी तेव्हापासून पोटात ठेवला होता. टमाल्यांसारखाच, घट्ट बांधून, मंद आचेवर.

“त्याला जुळी बहीण आहे, झिपोरा,” त्या म्हणाल्या. “जाड चष्मा. जिना चढली तरी धापा टाकते. दोघं येतील, नाहीतर कोणीच नाही. शाळा संपेपर्यंत. आणि लेखी.”

“लेखी कशाला? माझा शब्द आहे.”

“शब्द आमच्याकडे आहे एक. तुमच्या वडिलांचा. अजून वापरलेला नाही.”

पत्र आलं. दोघांनाही शिष्यवृत्ती, ‘अभ्यासातील गुणवत्तेबद्दल’, पास होत राहिले तर शेवटपर्यंत. फुटबॉलचा उल्लेख कुठेही नाही. मिस ऑर्थेलांनी ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि खुदकन हसल्या.

“टेविन, तू जायचं, शिकायचं. बॉलला हात लावायचा नाही.”

टेविन उडालाच. “काय? आजी, मला पळायचंय!”

“त्यांना तुझे पाय हवेत. आपण त्यांच्या गळ्यात डोकं बांधू.”

“भांडण तुझं आहे. पाय माझे आहेत.”

पोरगं खरं बोलत होतं. झिपोरा टेबलाशी जुनं रसायनशास्त्राचं पुस्तक एकटीच वाचत होती. सरकारी शाळेत त्या विषयाला शिक्षक नव्हता. बदलीवर येणारा माणूस तासाला कार्टून लावून झोपायचा. टेविनने बहिणीकडे पाहिलं, मग छताकडे.

“एक मॅच,” तो म्हणाला. “शाळा संपायच्या आत एक मॅच तू मला देणं लागतेस.”

“लागते.”

ऑगस्टमध्ये कॉटनवुडच्या कोचने हाक मारली. टेविन म्हणाला, “अभ्यास आहे, सर.” कोचला वाटलं विनोद. सप्टेंबरातही तोच विनोद झाला. आणि पोरगा गणितात पास झाला, हे तर ट्रंबलना भलतंच झोंबलं. झिपोराने घरी येऊन सांगितलं, की तिकडच्या कपाटात एक जुना पितळी मायक्रोस्कोप आहे आणि त्याच्या तळाला काउंटीच्या शाळेचं नाव कोरलंय.

“रोज पुसत जा,” मिस ऑर्थेला म्हणाल्या. “आपला आहे.”

माजी विद्यार्थी बघायला जमतात त्या वर्षातल्या मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी स्टँड गच्च भरलं होतं, अगदी बापजाद्यांसकट. मिस ऑर्थेला बरोब्बर मधल्या फळीवर बसल्या, मांडीवर टमाल्यांचं पातेलं, शेजारी टेविन. दोन फळ्या खाली खासगी शाळांच्या संघटनेचे साहेब होते. कॉटनवुड सपाटून मार खात होतं. मध्यंतराला ट्रंबल लालबुंद होऊन वर चढले.

“ऑर्थेला, हा काय तमाशा लावलायस तू?”

‘मिस’ गेलं, ‘तुम्ही’ गेलं. मिस ऑर्थेलांना अगदी घरच्यासारखं वाटलं.

“कसला तमाशा, मिस्टर ट्रंबल? पोरं पास होतायत.”

“मी त्याला कशासाठी घेतलं, तुला माहीत आहे!”

“नाही हो, आम्ही अडाणी माणसं.” त्यांनी आवाज चढवला, सबंध स्टँडला पुरेल इतका. “कशासाठी घेतलंत? सांगा ना! पत्रात तर अभ्यास लिहिलंय. पोराला दुसऱ्या कशासाठी आणलं असेल तर मोठ्याने सांगा, हे संघटनेचे साहेबही ऐकतील!”

खालच्या साहेबांनी मान वळवली. ट्रंबलनी घाईघाईने त्यांच्यासमोर टोपी काढली.

“शाळा पुस्तकांसाठी असते,” मिस ऑर्थेला म्हणाल्या. “तुमचे वडील सांगून गेलेत माझ्या आईला. या, टमाले घ्या. तिखट आहेत.”

ट्रंबल उतरून गेले. पायऱ्या उतरताना त्यांनी टोपी घातली नाही, हातातच चुरगाळली.

मिस ऑर्थेला ते शेवटच्या पायरीपर्यंत चवीने बघत राहिल्या. मग त्यांना फळी हादरत असल्याचं जाणवलं. खाली खेळ पुन्हा सुरू झाला होता, आणि टेविनचे दोन्ही पाय जागच्या जागी धावत होते.

“आजी, माझी मॅच.”

“माहीत आहे.”

“कधी?”

मॅच द्यावी तर ट्रंबलचं फावतं, न द्यावी तर नातवाला दिलेला शब्द मोडतो. मिस ऑर्थेलांनी पातेल्याचं झाकण काढलं, सर्वांत जाडजूड टमाला निवडला आणि साल सोलून त्याच्यापुढे धरला. टेविनने तो घेतला, खाल्ला, बोटं चाटली.

“हे त्यात धरायचं नाही,” तो म्हणाला.

“नाही धरत,” मिस ऑर्थेला म्हणाल्या आणि झाकण लावलं.